दोन खन्ना आणि एक शब्द

दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाच्या दोन क्रमांकाच्या न्यायदालनात न्या. हंसराज खन्ना यांची तसबीर लावलेली आहे. त्यांनी न्यायाधीशपद सोडले १९७७ मध्ये. जानेवारी २०१९ मध्ये त्यांचे सख्खे पुतणे संजीव खन्ना सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले, आणि पहिल्या दिवशी कामकाजाला बसले ते याच दालनात. पुढे पुतणे भारताचे सरन्यायाधीश झाले. काका झाले नाहीत, खरे तर त्यांना होऊ दिले गेले नाही. देशाच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश कसे येतात, आणि आलेल्यांपैकी वरच्या खुर्चीपर्यंत कोण पोचतो, हे या एका कुटुंबाचे बोट धरून बरेचसे समजून घेता येते. मात्र पुतण्याची गोष्ट वाटते तितकी सरळ नाही. तिच्याकडे शेवटी येऊ.

आधी संविधानात काय आहे ते पाहू. अनुच्छेद १२४ म्हणतो की सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश राष्ट्रपती नेमतात. नेमण्यापूर्वी सर्वोच्च आणि उच्च न्यायालयांच्या ज्या न्यायाधीशांना विचारणे राष्ट्रपतींना आवश्यक वाटेल, त्यांच्याशी ते विचारविनिमय करतात. सरन्यायाधीश सोडून इतर कुणाची नेमणूक असेल, तर सरन्यायाधीशांशी विचारविनिमय केलाच पाहिजे. उमेदवार भारतीय नागरिक हवा. उच्च न्यायालयात पाच वर्षे न्यायाधीश किंवा दहा वर्षे वकील असलेला हवा, नाहीतर राष्ट्रपतींच्या मते नामांकित असा कायदेपंडित हवा. या तिसऱ्या दारातून आजवर एकही माणूस आत आलेला नाही. निवृत्तीचे वय ६५. राष्ट्रपती म्हणजे व्यवहारात मंत्रिमंडळ, हे वेगळे सांगायला नको.

सगळे भांडण आहे ते ‘विचारविनिमय’ या शब्दावरून. आपल्याकडे लग्न ठरवताना मामाला विचारतात. ‘मामाला विचारलंय’ आणि ‘मामाचा होकार आलाय’ या दोन वाक्यांतला फरक कुठल्याही मराठी घरात समजावून सांगावा लागत नाही. मामाला विचारले, मामाने नाक मुरडले, तरीही सुपारी फुटली, असे होऊ शकते. मामाचा होकारच लागणार असेल, तर मात्र मामा हाच त्या घरातला खरा कर्ता. न्यायाधीशांच्या नेमणुकीत सरन्यायाधीश हे विचारायचे मामा की होकाराचे मामा, यावर या देशात पंच्याहत्तर वर्षे वाद चालला आहे. घटनापीठे बसली, घटनादुरुस्ती झाली आणि तीही रद्द झाली.

संविधान लिहिणाऱ्यांच्या हे ध्यानात आले नव्हते असे मुळीच नाही. २४ मे १९४९ रोजी संविधान सभेत नेमका हाच मुद्दा निघाला. सरन्यायाधीशांच्या संमतीशिवाय नेमणूक होऊ नये, अशी सूचना आली होती. डॉ. आंबेडकरांनी ती नाकारली. त्यांचे म्हणणे असे, की सरन्यायाधीश कितीही थोर असले तरी शेवटी माणूसच. आपल्यासारखेच त्यांनाही रागलोभ आणि पूर्वग्रह असणार. जो नकाराधिकार आपण राष्ट्रपतींना किंवा सरकारला द्यायला तयार नाही, तो एका न्यायाधीशाला देणे धोक्याचे आहे. पण त्याच भाषणात त्यांनी दुसऱ्या टोकालाही जायचे नाकारले. इंग्लंडसारखे सगळे सरकारच्या हाती द्यायचे नव्हते, आणि अमेरिकेसारखे सेनेटच्या मंजुरीला बांधले तर नेमणुकीत राजकारण शिरेल, हेही त्यांना नको होते. त्यांनी मधली वाट धरली, आणि ‘विचारविनिमय’ हे त्या वाटेचे नाव. ही वाट अरुंद होती. दोन्ही बाजूंच्या लोकांनी तिच्यावर बांध सरकवले.

पहिली वीसेक वर्षे बरी गेली. सर्वोच्च न्यायालय सुरू झाले २८ जानेवारी १९५० रोजी, तेव्हा संसदेच्या इमारतीतच बसत असे आणि सरन्यायाधीश धरून न्यायाधीशांची मंजूर पदे होती आठ. पहिले सरन्यायाधीश हरिलाल कनिया १९५१ च्या नोव्हेंबरात पदावर असतानाच वारले. त्यांच्यामागून ज्येष्ठतेने पतंजली शास्त्री यांचा क्रम होता. सरकारच्या मनात दुसरे नाव घोळत होते, पण बाकीच्या न्यायाधीशांनी राजीनाम्याची भाषा केली आणि ते मागे पडले, असे त्या काळातली जाणती मंडळी लिहून गेली आहेत. तिथून पायंडा पडला, की सर्वांत ज्येष्ठ न्यायाधीश सरन्यायाधीश होणार. संविधानात ज्येष्ठतेचा शब्दही नाही. १९६४ मध्ये प्र. बा. गजेंद्रगडकर सरन्यायाधीश झाले, तेव्हा त्यांच्या आधी सय्यद जाफर इमाम होते. पण इमाम यांची प्रकृती पार ढासळली होती, म्हणून कुणी त्याला डावलणे म्हटले नाही.

गंमत अशी, की या पायंड्याला पहिला आक्षेप सरकारने घेतला नव्हता. १९५८ मध्ये विधी आयोगाने न्यायव्यवस्थेवरचा आपला मोठा अहवाल दिला. आयोगाचे अध्यक्ष होते ॲटर्नी जनरल मोतीलाल सेटलवाड, आणि सदस्यांत मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला. नेमणुकांत सत्ताधाऱ्यांचा हात शिरतो, प्रांताचा आणि जातधर्माचा विचार होतो, अशी तक्रार अहवालात होतीच. त्याबरोबर असेही म्हटले होते, की सरन्यायाधीश केवळ ज्येष्ठतेने ठरवू नये, गुणवत्ता आणि कारभार चालवण्याची कुवतही पाहावी. पंधरा वर्षांनी हे वाक्य त्यांच्याच अंगावर आले.

२४ एप्रिल १९७३. तेरा न्यायाधीशांच्या पीठाने केशवानंद भारती खटल्याचा निकाल दिला. सात विरुद्ध सहा अशा निसटत्या बहुमताने ठरले, की संसद संविधान दुरुस्त करू शकते, पण त्याची मूलभूत चौकट मोडू शकत नाही. त्याच सुमारास सरन्यायाधीश सिक्री निवृत्त होत होते. दुसऱ्याच दिवशी सरकारने जाहीर केले, की पुढचे सरन्यायाधीश ए. एन. राय. ज्येष्ठतेत राय चौथे होते. त्यांच्या पुढचे तिघे, शेलत, हेगडे आणि ग्रोवर, केशवानंदमध्ये सरकारच्या विरुद्ध गेले होते, आणि राय सरकारच्या बाजूने. बँकांच्या राष्ट्रीयीकरणाच्या खटल्यातही अकरापैकी एकटे राय सरकारच्या बाजूने होते. तिघांनीही राजीनामे दिले. संसदेत सरकारची बाजू मांडायला उभे राहिले पोलादमंत्री मोहन कुमारमंगलम. कायदामंत्री नव्हे, पोलादमंत्री! न्यायाधीशाची विचारसरणी, काळाची हाक ओळखण्याची दृष्टी सरकारने पाहायलाच हवी, असे त्यांनी उघड सांगितले, आणि आधाराला काढला तो विधी आयोगाचा अहवाल. निषेध करणाऱ्यांत सेटलवाड आणि छागला पुढे होते. आपल्या वाक्याचा असा उपयोग होईल, हे त्यांच्या स्वप्नातही आले नसावे.

आता काका खन्ना. आणीबाणीत हजारो लोक विनाचौकशी तुरुंगात होते. आपली अटक बेकायदा आहे असे म्हणत कोर्टात दाद मागण्याचा हक्क तरी त्यांना उरला आहे का, हा प्रश्न पाच न्यायाधीशांपुढे आला. राय, खन्ना, बेग, यशवंतराव चंद्रचूड आणि भगवती. २८ एप्रिल १९७६ रोजी चौघांनी सांगितले, हक्क उरलेला नाही. एकट्या खन्नांनी सांगितले, उरला आहे. या निकालाची किंमत म्हणून सरन्यायाधीशपद जाणार, याची त्यांना आधीच कल्पना होती आणि आत्मचरित्रात त्यांनी तसे लिहिलेही आहे. जानेवारी १९७७ मध्ये राय निवृत्त झाले आणि खन्नांना डावलून बेग यांना नेमले गेले. खन्नांनी राजीनामा दिला. सरकारने कारण दिले, की खन्नांना जेमतेम पाच-सहा महिनेच मिळाले असते. पाच जणांचे ते पीठ पुन्हा नजरेखालून घाला. बहुमतातले चौघेही सरन्यायाधीश झाले. एकाला मिळाले नाही.

या कहाणीचा पुढचा भाग मराठी वाचकाला थोडा अडचणीचा वाटेल. १९७८ मध्ये बेग निवृत्त झाले, तेव्हा जनता पक्षाचे सरकार होते आणि ज्येष्ठतेने पाळी होती पुण्याच्या यशवंतराव चंद्रचूडांची. आणीबाणीतल्या त्या निकालामुळे त्यांना नेमू नये, अशी मागणी मुंबईतल्या नामवंत वकिलांनी केली. म्हणजे ज्यांनी १९७३ मध्ये डावलण्याविरुद्ध आवाज उठवला, त्यांच्यातलेच काही आता डावला म्हणत होते. सरकारने ऐकले नाही. चंद्रचूड सरन्यायाधीश झाले आणि सात वर्षांहून अधिक काळ राहिले. एवढी मोठी कारकीर्द आजवर दुसऱ्या कुणाची नाही. मला वाटते, सरकारचे बरोबर होते. निकाल पाहून डावलायचे एकदा ठरले, की कुणाचा निकाल चांगला आणि कुणाचा वाईट हे पुन्हा सरकारच ठरवणार. त्या निकालाचे पुढे काय झाले? २०१७ मध्ये खासगीपणाच्या हक्काचा खटला चालला, तेव्हा तो रीतसर पुसला गेला, आणि तसे लिहिणाऱ्या न्यायमूर्तींचे नाव होते धनंजय यशवंत चंद्रचूड.

‘विचारविनिमय’चा अर्थ थेट न्यायालयातच ठरवायची वेळ १९८१ मध्ये आली. निमित्त झाले कायदामंत्र्यांच्या एका परिपत्रकाचे. उच्च न्यायालयांतल्या अतिरिक्त न्यायाधीशांकडून ‘दुसऱ्या राज्यात बदलीला माझी तयारी आहे’ असे लिहून घ्यावे, असे त्यात होते. मुंबईतल्या वकिलांनी मुंबई उच्च न्यायालयात त्याला आव्हान दिले, इतर ठिकाणीही याचिका झाल्या, आणि सगळे प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांपुढे गेले. डिसेंबर १९८१ मध्ये बहुमताने ठरले, की विचारविनिमय म्हणजे संमती नव्हे, शेवटचा शब्द सरकारचा. मामाला विचारा, पण लग्न ठरवणार तुम्ही. अल्पमतात राहिलेल्यांत न्या. तुळजापूरकर होते. याच निकालात न्या. भगवतींनी जाता जाता सुचवले, की एकट्या सरन्यायाधीशांपेक्षा न्यायाधीशांचा एखादा गट असावा. त्यासाठी त्यांनी शब्द वापरला ‘कॉलेजियम’. मराठी वर्तमानपत्रे त्यालाच न्यायवृंद म्हणतात.

बारा वर्षांनी, ६ ऑक्टोबर १९९३ रोजी, नऊ न्यायाधीशांच्या पीठाने हे सगळे उलटे केले. विचारविनिमयात सरन्यायाधीशांचे मत वरचढ, मात्र ते एकट्याचे मत नको, दोन ज्येष्ठ सहकाऱ्यांना घेऊन बनवलेले हवे. १९९८ मध्ये राष्ट्रपतींनी विचारलेल्या प्रश्नांना उत्तर देताना ही संख्या सरन्यायाधीश अधिक चार ज्येष्ठतम अशी पाचाची झाली. न्यायवृंदाने पाठवलेले नाव सरकार एकदा परत पाठवू शकते, पण त्यांनी तेच पुन्हा पाठवले तर नेमलेच पाहिजे, असा नियम बसला. मामाचा होकार आता लागणारच. इतकेच नव्हे, तर स्थळ शोधणारेही मामाच. १९९३ चा खटला वकिलांच्या बाजूने जिंकला तो फली नरिमन यांनी. पुढे आत्मचरित्रात त्यांनी या खटल्यावर एक प्रकरण लिहिले आणि त्याच्या शीर्षकातच कबूल केले, की मी तो जिंकलो, पण हरलो असतो तर बरे झाले असते.

कोणी काहीही म्हणो, १९४९ मध्ये आंबेडकरांनी जे नाकारले तेच १९९३ मध्ये निकालाच्या वाटेने आत आले. तरी हेही मान्य करायला हवे, की १९७३ आणि १९७७ घडले नसते तर १९९३ घडले नसते. दुधाने तोंड पोळलेले न्यायालय ताकही फुंकून पीत होते.

सध्याची रीत सांगायला सोपी आहे. न्यायवृंद नाव ठरवतो. उमेदवार ज्या उच्च न्यायालयातून आलेला असतो, तिथून आलेल्या सर्वोच्च न्यायालयातल्या ज्येष्ठ न्यायाधीशाचे मत लेखी घेतात. शिफारस कायदामंत्र्यांकडे, तिथून पंतप्रधानांकडे, तिथून राष्ट्रपतींकडे जाते. राष्ट्रपतींची सही झाली की नियुक्तिपत्र निघते आणि शपथविधी होतो. सरन्यायाधीशांच्या बाबतीत मावळते सरन्यायाधीश आपल्या मागच्या ज्येष्ठाचे नाव कळवतात. त्यामुळे न्यायालयात नवा न्यायाधीश आला, की वकील मंडळी आधी त्याची जन्मतारीख विचारतात. कोण कधी ६५ चा होणार आणि तेव्हा त्याच्या पुढे कोण उरलेले असेल, याचा हिशेब केला की पुढच्या अनेक वर्षांचे सरन्यायाधीश आजच सांगता येतात. वकिलीतून थेट न्यायाधीश झालेले उदय लळित या हिशेबाने २०२२ मध्ये ७४ दिवस सरन्यायाधीश होते. १९९१ मध्ये कमल नारायण सिंह यांना अवघे १८ दिवस मिळाले. न्या. बी. व्ही. नागरत्ना २०२७ मध्ये पहिल्या महिला सरन्यायाधीश होतील अशी रांग आहे, तीही साधारण महिनाभरासाठी. म्हणजे कोणाला केव्हा वर आणले, एवढ्यावरून त्या खुर्चीची लांबी ठरते. न्यायवृंदाची खरी ताकद इथे आहे, आणि ती कागदावर कुठेच दिसत नाही.

या ताकदीचा चांगला उपयोगही झालेला आहे. २०१९ मध्ये अमरावतीच्या भूषण गवई यांचे नाव मुंबई उच्च न्यायालयातून पुढे आले, तेव्हा ठरावात लिहिले होते, की जवळजवळ दशकभर सर्वोच्च न्यायालयात अनुसूचित जातीचा एकही न्यायाधीश नाही. त्यांच्याहून ज्येष्ठ काही जण होते, ते डावलल्याचा अर्थ त्यांच्यात कमी आहे असा काढू नये, असा खुलासाही होता. कारण सांगून केलेला हा निर्णय होता, आणि तो सगळ्यांना वाचता आला.

सरकारचा हात मात्र पूर्ण सुटलेला नाही. नाव नाकारता येत नसेल, तर फाइल दाबून ठेवता येते. जानेवारी २०१८ मध्ये न्यायवृंदाने इंदू मल्होत्रा आणि के. एम. जोसेफ ही दोन नावे एकत्र पाठवली. जोसेफ यांनी उत्तराखंडमधली राष्ट्रपती राजवट रद्द केलेली होती. एप्रिलमध्ये मल्होत्रांची नेमणूक झाली, जोसेफ यांचे नाव परत आले. पुन्हा पाठवल्यावर ऑगस्टमध्ये त्यांची नेमणूक झाली खरी, पण त्याच दिवशी शपथ घेणाऱ्या तिघांत त्यांचा क्रम तिसरा ठेवला गेला. वरच्या हिशेबात क्रमाला काय किंमत असते, ते आपण पाहिलेच.

त्याआधी संसदेने न्यायवृंद मोडायचाही प्रयत्न करून पाहिला. ऑगस्ट २०१४ मध्ये ९९ वी घटनादुरुस्ती दोन्ही सभागृहांत जवळपास एकमताने मंजूर झाली, निम्म्याहून अधिक राज्यांनी ती मान्य केली. सहा जणांचा आयोग नेमायचा होता: सरन्यायाधीश, दोन ज्येष्ठ न्यायाधीश, कायदामंत्री आणि दोन मान्यवर व्यक्ती. कुठल्याही दोघांनी नको म्हटले की नाव बाद. मेख या शेवटच्या वाक्यात होती. तिन्ही न्यायाधीशांचे एकमत असले तरी दोन मान्यवर त्यांना रोखू शकले असते, आणि ‘मान्यवर’ म्हणजे कोण याची व्याख्याच नव्हती. १६ ऑक्टोबर २०१५ रोजी पाच न्यायाधीशांनी चार विरुद्ध एक मताने दुरुस्ती रद्द केली. कारण दिले, की नेमणुकीत न्यायाधीशांचे मत वरचढ असणे हा मूलभूत चौकटीचाच भाग आहे. म्हणजे १९७३ मध्ये ज्या निकालापायी तीन न्यायाधीश डावलले गेले, त्यातलाच सिद्धान्त इथे कामी आला. वेगळे मत देणारे न्या. चेलमेश्वर पुढच्या वर्षी न्यायवृंदाच्या बैठकांना जाईनासे झाले. तिथे काय बोलले जाते याची नोंद राहत नाही, ही त्यांची तक्रार होती.

आता पुतण्याकडे. १२ डिसेंबर २०१८ रोजी न्यायवृंदाची बैठक झाली. राजस्थान उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती प्रदीप नंदराजोग आणि दिल्लीचे मुख्य न्यायमूर्ती राजेंद्र मेनन यांची नावे तिथे ठरली, असे बाहेर आले. महिनाअखेर पाचांपैकी एक, न्या. मदन लोकूर, निवृत्त झाले. १० जानेवारी २०१९ रोजी नव्या पाचांची बैठक झाली, आधीचे बाजूला राहिले आणि दिनेश माहेश्वरी व संजीव खन्ना ही नावे पुढे गेली. खन्ना तेव्हा कुठल्याही उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती नव्हते. दिल्ली उच्च न्यायालयातूनच त्यांच्याहून ज्येष्ठ असे तिघे जण मागे राहिले. ज्या डावललेल्या काकांची तसबीर कोर्टात लागली, त्यांच्या पुतण्याची नेमणूकच डावलण्याच्या आरोपात सापडली. यात संजीव खन्नांचा दोष शोधू नये. त्यांच्या लायकीबद्दल फारसा वाद नव्हता, वाद होता तो रीतीबद्दल. लोकूर यांनी नंतर जाहीरपणे सांगितले, की डिसेंबरचा ठराव संकेतस्थळावर टाकला गेला नाही, याचे आपल्याला वाईट वाटते.

संजीव खन्ना ११ नोव्हेंबर २०२४ रोजी सरन्यायाधीश झाले आणि १३ मे २०२५ रोजी निवृत्त झाले. त्यांना मिळाले सहा महिने. इतका अल्प काळ उपयोगाचा नाही, म्हणून १९७७ मध्ये काकांना नाकारले होते. दुसऱ्या दिवशी गवईंनी शपथ घेतली, त्यांनाही सहाच महिने मिळाले. नंदराजोग एप्रिल २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती म्हणून आले आणि पुढल्या फेब्रुवारीत तिथूनच निवृत्त झाले. १२ डिसेंबरच्या बैठकीची कागदपत्रे माहिती अधिकारात मागितली गेली, तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ९ डिसेंबर २०२२ रोजी न्यायालयाने सांगितले, की त्या दिवशी अंतिम निर्णय झालाच नव्हता, आणि अंतिम ठरावापलीकडचे काही जाहीर करणे बंधनकारक नाही. ती कागदपत्रे बाहेर आलेली नाहीत.